तळघरातला वार्ताफलक

वार्ताफलक म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. चौकाच्या कोपऱ्यावर, तरुण मंडळाच्या कट्ट्याशेजारी, लोखंडी चौकटीत बसवलेला काळा फळा. त्यावर कधी सुविचार, कधी दहावीला पहिल्या आलेल्या मुलीचे अभिनंदन, कधी कुणाच्या निधनाची वार्ता, आणि उन्हाळ्यात हमखास ‘उद्या पाणी येणार नाही’. ज्याचे अक्षर सुरेख त्याच्या हाती खडू. आणि ज्याच्या हाती खडू, फडकेही त्याच्याच हाती. गल्लीत एवढी सत्ता दुसऱ्या कुणाकडे नसते!

ह्याच जातीचा एक फळा १९७८ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात एका घराच्या तळघरात लागला. त्याला खडू नव्हता. आपल्या घरातून फोन लावायचा, फोनला जोडलेल्या संगणकावर फळा वाचायचा, आणि वाटल्यास आपलेही चार शब्द लिहून ठेवायचे, अशी ती सोय होती. आज आपण सगळेच रात्री-बेरात्री ज्या पडद्यात डोके घालून बसतो, त्यावरच्या गप्पांच्या, भांडणांच्या आणि सणासुदीच्या शुभेच्छांच्या घराण्यातला हा एक मूळपुरुष. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ताईकडे शिकागोला गेले होते, तेव्हा त्याची ओळख झाली.

शिकागोला जाणाऱ्या भारतीयाने काय पाहावे, ह्याची यादी ठरलेली आहे. १८९३ साली विवेकानंद जिथे बोलले ती आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत, समुद्र म्हणून सहज खपेल असे मिशिगन सरोवर, मान दुखेपर्यंत वर पाहायला लावणाऱ्या इमारती, आणि मग डेव्हन अॅव्हेन्यूवर जाऊन शेवग्याच्या शेंगा विकत घेणे. ताईने ही यादी लग्नघरातल्या शिस्तीने चार दिवसांत उरकली. पाचव्या दिवशी भाचा म्हणाला, “मावशी, तुझं शिकागो झालं. आता माझं दाखवतो.”

रेड लाइनच्या आगगाडीने आम्ही अॅडिसन स्टेशनवर उतरलो. ही गाडी इथे रस्त्याच्या डोक्यावरून, लोखंडी खांबांवरून जाते आणि आजूबाजूच्या घरांतल्या कपबशांना तिचे वेळापत्रक पाठ असावे असे वाटते. समोरच रिग्ली फील्ड हे बेसबॉलचे मैदान. १९१४ सालचे. १९८८ पर्यंत इथे प्रकाशझोतच नव्हते. सूर्य मावळला की खेळ संपला. मला ते मैदान त्या एका गोष्टीसाठी आवडले. ह्या मैदानावरूनच भोवतालच्या वस्तीला रिग्लीव्हिल म्हणतात. दोन-तीन मजली विटांची घरे, मागच्या अंगाला लाकडी जिने, आणि प्रत्येक घराला अर्धे जमिनीत नि अर्धे वर असे तळघर. तळघराच्या बुटक्या खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसावेत.

अशाच एका तळघरात रँडी सूस नावाच्या गृहस्थाने तो फळा लावला होता. ते घर नेमके कोणते, हे शोधण्याचा हट्ट आम्ही केला नाही. तिथे आज दुसरे कुणी राहत असेल, आणि भर जूनच्या उन्हात दोन अनोळखी माणसे आपल्या तळघराकडे भक्तिभावाने पाहत उभी आहेत, हे कुणालाही रुचणार नाही. आम्ही त्या गल्ल्यांतून नुसते हिंडलो.

ह्या गल्ल्या १९७८ च्या जानेवारीत कशा असतील ह्याची कल्पना करायला त्या उन्हात जरा कष्ट पडले. त्या महिन्यात शिकागोवर मोठे हिमवादळ आले होते. दारे उघडेनात, मोटारी बर्फाखाली गेल्या. शहराच्या दक्षिणेकडच्या उपनगरात वॉर्ड क्रिस्टनसन घरात अडकून पडला होता. तो आयबीएममध्ये नोकरीला; वय बत्तीस. घरी संगणक बांधण्याचा छंद. त्या वेळी अशी हौशी मंडळी शिकागोत बरीच होती आणि त्यांचे एक मंडळही होते. मंडळाच्या बैठकीत बुचाच्या लाकडाचा फळा असे आणि त्यावर टाचणीने चिठ्ठ्या लावत. ‘पुढच्या बैठकीला कोण मोटारीने नेईल?’ वगैरे. क्रिस्टनसनच्या मनात आले, ही टाचणी फोनवरून टोचता आली तर? त्याने सूसला फोन केला. मंडळातर्फे हा उपक्रम करावा का, असा प्रश्न निघाला, तेव्हा सूसने तो तिथल्या तिथे निकालात काढला. मंडळ म्हटले की समिती आली. आपण दोघांनीच करू. सार्वजनिक कामाचा अनुभव असलेल्या वाचकांना ह्या माणसाच्या शहाणपणाबद्दल अधिक सांगायला नकोच.

क्रिस्टनसनने कार्यक्रम लिहिला, सूसने यंत्र जुळवले. काम दोन आठवड्यांत झाले. पण दोन आठवडे सांगितले तर कुणी विश्वास ठेवणार नाही म्हणून ते महिना सांगत. १६ फेब्रुवारी १९७८ रोजी फळा लोकांसाठी खुला झाला. नाव ठेवले ‘कॉम्प्युटराइज्ड बुलेटिन बोर्ड सिस्टिम’, म्हणजे सीबीबीएस. त्यातला पहिला ‘सी’ पुढे गळला आणि बीबीएस हे सामान्यनाम झाले. डालड्याचे झाले तसेच.

यंत्राची गंमत समजून घेण्यासारखी आहे. टेलिफोनची तार माणसाचा आवाज नेण्यासाठी टाकलेली. संगणकाला तर बोलता येत नाही. त्याच्याकडे शून्य आणि एक एवढीच बाराखडी. मग शून्यासाठी एक सूर नि एकासाठी दुसरा सूर अशी शीळ घालणारे यंत्र मध्ये बसवायचे. पलीकडचे यंत्र ती शीळ ऐकून पुन्हा शून्य-एक करते. ह्याचे नाव मोडेम. सीबीबीएसचा मोडेम सेकंदाला ३०० शून्य-एक पाठवी, म्हणजे सुमारे तीस अक्षरे. आज हा वेग ऐकून हसू येते. पण मी मुद्दाम हिशेब केला. मनातल्या मनात वाचणाऱ्या माणसाचा वेग साधारण तेवढाच पडतो. म्हणजे फळा वाचकाच्या डोळ्याबरोबर चालत होता. त्यानंतर आलेले प्रत्येक यंत्र आपल्या पुढे धावत सुटले.

फोन वाजला की यंत्र नव्याने सुरू होऊन कामाला लागे. पाहुणा आला की दिवा लावणारे घर! आणि पाहुणा एका वेळी एकच, कारण तार एकच. दुसऱ्याने फोन लावला तर ‘टूं टूं’. फळा सूसच्या घरी का, तर ते शहरात होते. शिकागोतून तिथे फोन करणे स्वस्त पडे. क्रिस्टनसनच्या उपनगरात ठेवला असता तर प्रत्येकाला बाहेरगावचा दर भरावा लागला असता. पुढे अमेरिकाभर जे हजारो फळे झाले ते बहुतेक असेच, स्थानिक फोनच्या टप्प्यातल्या माणसांचे. जगाशी बोलणारे यंत्र हाती असताना माणसे शेजाऱ्यांशी बोलत होती, ती फोनच्या बिलाच्या भीतीने! पण बोलत होती खरी.

दोघांनी आपला उद्योग ‘बाइट’ मासिकाच्या नोव्हेंबर १९७८ च्या अंकात लिहून काढला. कृती अशी छापून आल्यावर मग काय, ज्याने त्याने आपापल्या घरी करून पाहिले.

क्रिस्टनसनचे आणखी एक काम ह्याच्याही आधीचे, १९७७ चे. फोनच्या तारेत खरखर झाली की शून्याचा एक होई आणि पाठवलेला मजकूर बिघडे. त्याने उपाय काढला तो आपल्या वाण्याला सुचावा असा. मजकुराचे १२८-१२८ खुणांचे गठ्ठे करायचे आणि प्रत्येक गठ्ठ्याखाली त्याची बेरीज मांडायची. घेणाऱ्याने स्वतः बेरीज करून पाहायची. जुळली तर ‘पुढचा पाठव’, नाही जुळली तर ‘तोच पुन्हा पाठव’. ह्या पद्धतीला एक्समोडेम म्हणतात. ती त्याने जगाला फुकट देऊन टाकली, आणि जगाने ती वर्षानुवर्षे वापरली. १९९३ साली त्याला इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनचा पायोनिअर पुरस्कार मिळाला. एवढे होऊनही हा मनुष्य नोकरी करीत राहिला ती आयबीएमचीच, आणि उतारवयात लहान मुलांना विजेच्या जोडणीला डाग कसा द्यावा हे शिकवायला जात असे. सूस २०१९ च्या डिसेंबरात गेला, क्रिस्टनसन २०२४ च्या ऑक्टोबरात. त्यांच्या फळ्याने अडीच लाखांहून अधिक फोन घेतले होते. फळ्यावरचा मजकूर ज्या चकतीवर राही तिच्यात सुमारे पावणेदोन लाख अक्षरेच मावत. नवे लिहायला जुने पुसायचे, हा आपला चौकातलाच न्याय.

१९८१ साली हेज कंपनीचा स्मार्टमोडेम आला आणि हा खटाटोप पुष्कळ सोपा झाला. नंबर फिरवणे, फोन उचलणे, ठेवणे ही सगळी कामे संगणक स्वतः करू लागला. १९८४ साली टॉम जेनिंग्ज ह्याने फिडोनेट काढले. रात्री, फोनचे दर उतरले की एका गावचा फळा दुसऱ्या गावच्या फळ्याला आपण होऊन फोन करी आणि दिवसभरात साठलेली पत्रे देई-घेई. फळ्यावरून फळ्यावर उड्या मारीत पत्र दोन-तीन दिवसांत देशाच्या दुसऱ्या टोकाला पोचे. ना सरकार, ना कंपनी. जो तो आपल्या घरच्या फोनचे बिल भरतोय. १९९० नंतरच्या काही वर्षांत अशी तीस हजारांहून अधिक घरे ह्या जाळ्यात होती.

फळा चालवणाऱ्याला इंग्रजीत सिसॉप म्हणतात. मी त्याला फळेकरी म्हणणार आहे. फळेकऱ्याचा एक नियम जवळजवळ सगळीकडे सारखा होता. एका माणसाला दिवसाला ठरावीक मिनिटे. चाळीत वाढलेल्यांना ह्याचे नवल वाटू नये. सार्वजनिक नळाखाली आपला हंडा भरला की बाजूला व्हायचे, मागे रांग आहे. फळ्यावर खेळ असत, त्यांतही दिवसाच्या खेळी मोजून मिळत. आजच्या खेळांना तुम्ही उठून जाऊ नये असे वाटते. त्या खेळांना तुम्ही उठावे असे वाटे, कारण तार मोकळी व्हायला हवी.

आपल्याकडे हे वारे उशिरा आले. ज्या देशात फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे, तिथे तो यंत्राला कोण देणार? तरी काहींनी दिला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बंगलोरला अतुल चिटणीस ह्यांनी सीआयएक्स नावाचा फळा सुरू केला. मुंबईत लाइव्हवायर होता. मग १९९० नंतर दूरसंचार खात्याला ह्या हौशी लोकांची आठवण झाली आणि त्यांच्यावर लाखो रुपयांची वार्षिक परवाना फी बसली. घरच्या फोनवर हौसेने चालवलेल्या वस्तूला लाखोंची फी! चौकातल्या फळ्याला वर्तमानपत्राचा कर लावण्यातलाच हा प्रकार. त्यातून सावरायच्या आत १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट खुले केले, आणि वाद मिटला, म्हणजे वादीच उरला नाही.

मराठीची शिक्षिका म्हणून मला एक गोष्ट खटकत राहिली. ह्या फळ्यांवर देवनागरीला जागाच नव्हती. त्यांच्या बहुतेक यंत्रांना २५६ खुणा ठाऊक. त्यांत इंग्रजी अक्षरे, युरोपातली काही अक्षरे आणि चौकटी काढायच्या रेघा. रेघांना जागा होती, ‘क’ला नव्हती. भारतीय लिप्यांसाठी आपल्या पुण्यातच, सी-डॅकमध्ये, जिस्ट नावाचे तंत्र घडत होते आणि १९९१ साली लिप्यांच्या खुणांचे भारतीय मानकही ठरले. पण ज्याच्याकडे ते कार्ड त्यालाच ती अक्षरे दिसायची. तेव्हा मराठी माणसाने फळ्यावर मराठी लिहायचे ते रोमन लिपीत. ‘mala’ म्हणजे मला, माला की मळा, हे वाचणाऱ्याने संदर्भाने ओळखावे. ती सवय आपल्या बोटांना पुढे कायमची लागली. माझे विद्यार्थी मला आजही रजेचा निरोप तसाच पाठवतात.

असो. ह्या सगळ्याचा शेवट झटपट झाला. १९९४ साली अमेरिकेत साठ हजारांच्या आसपास फळे होते असा त्या काळचा एक अंदाज आहे. पुढच्या तीन-चार वर्षांत वेबने त्यांतले बहुतेक नेले. नळ घरोघर आला की चाळीच्या नळावर कोण जाणार? २००५ साली जेसन स्कॉट ह्या गृहस्थाने जुन्या फळेकऱ्यांना देशभर गाठून आठ भागांचा माहितीपट केला, तो ही मंडळी बोलायला हयात होती म्हणून. अमेरिकेतल्या एओएल कंपनीनेही ३० सप्टेंबर २०२५ रोजी आपली फोनवरून इंटरनेट देण्याची सेवा बंद केली.

आणि तरीही भाच्याच्या टेबलावर कमोडोर ६४ हा चाळीस वर्षांपूर्वीचा संगणक होता, आणि तो एका फळ्याला जोडलेला होता! त्याच्यामागे काडेपेटीएवढी एक पट्टी. ही नव्या काळातली तोतया. जुन्या संगणकाला ती ‘मी हेजचा मोडेम आहे’ असे भासवते आणि प्रत्यक्षात घरच्या वाय-फायवरून इंटरनेटला जोडते. संगणक बिचारा जुन्या सवयीने ‘फोन लाव’ असा हुकूम देतो. नंबराच्या जागी इंटरनेटचा पत्ता असतो, एवढेच. असे शेकडो फळे आज पुन्हा लागले आहेत. काही नवे, काही जुनेच, झोपेतून उठलेले. फिडोनेटही चालू आहे. खऱ्या फोनच्या तारेवरचे मात्र थोडे. तांब्याच्या तारा फोन कंपन्या काढून टाकीत आहेत, आणि नव्या पद्धतीच्या फोनमध्ये आवाज दाबून-चेपून पाठवतात. त्यात मोडेमची शीळ ओळखू येईनाशी होते.

“पण हे कशासाठी?” मी विचारले. पंचविशीच्या मुलाला गतकाळाचा उमाळा येण्याचे कारण नव्हते. त्याच्या जन्माआधीच ही वस्तू मेली होती.

“मावशी, इथे कोणाचं घर आहे ते माहीत असतं,” तो म्हणाला.

त्याने मला त्या घरी नेलेच. शहराबाहेर तासाभराच्या वाटेवर एक सत्तरी उलटलेले फळेकरी राहतात. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. धंदा एकच निघाल्यामुळे आमचे लगेच जमले. त्यांचा फळा १९८६ ते १९९६ अशी दहा वर्षे चालला होता. तीन वर्षांपूर्वी पत्नी गेल्यावर आवराआवरीत त्यांना माळ्यावर जुन्या फ्लॉपी चकत्यांची खोकी सापडली. काहींना बुरशी चढली होती. ज्या वाचता आल्या त्यांतून त्यांचा फळा जवळजवळ जसाच्या तसा उठला. हजारांवर संदेश. मोटार विकणे आहे, मांजर हरवले आहे, अमुक पुस्तक वाचले का. भांडणे, समेट. आणि त्यांच्या पत्नीचे दोनशे-अडीचशे संदेश. ती स्वयंपाकघरातल्या संगणकावरून लिहायची. खाली तळघरात तिचाच नवरा बसलेला.

इथे खरा पेच होता. फळा पुन्हा लावायचा तर हे जुने संदेश त्यावर ठेवायचे का? ते लिहिणाऱ्यांनी पन्नास-साठ ओळखीच्या माणसांपुढे लिहिले होते. आता तोच फळा ब्राझीलमधला मनुष्यही उघडू शकतो. त्यांतल्या एकाने दारूच्या व्यसनाविषयी लिहिले होते, एकीने मोडलेल्या संसाराविषयी. माहितीपटवाले म्हणतील हा इतिहास आहे, जपा. भाचाही म्हणाला. मला विचाराल तर, पत्रसंग्रह छापणाऱ्या आमच्या मराठीतल्या थोर संपादकांनीही हा प्रश्न फारसा मनाला लावून घेतलेला नाही.

फळेकऱ्यांनी काय केले, तर लिहिणाऱ्यांतले जे हयात सापडले त्या एकोणीस जणांना विचारले. अकरा हो म्हणाले, त्यांचे ठेवले. बाकीचे आणि जे गेले त्यांचे सगळे, पत्नीचे धरून, एका कप्प्यात बंद. पुसले नाही; दाखवतही नाहीत. जुन्या मंडळींपैकी कुणी घरी आले तर त्याला तिथे बसून वाचता येते. आम्हाला त्यांनी तो कप्पा उघडून दाखवला नाही आणि आम्हीही विचारले नाही. कॉफी मात्र दोनदा झाली.

निघण्यापूर्वी त्यांनी मला लॅपटॉपसमोर बसवले आणि फळ्यावर काहीतरी लिहायला सांगितले. “तुमच्या भाषेत लिहा.” आत शिरल्याबरोबर डाव्या कोपऱ्यात घड्याळ दिसले. ‘शिल्लक वेळ ४५ मिनिटे.’ आता एका वेळी कितीही माणसे येऊ शकत असताना हे कशाला, असे विचारले तर म्हणाले की वेळ संपणार हे कळले की लोक मुद्द्याचे लिहितात. हा नियम मी विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाला कळवायच्या विचारात आहे.

मी देवनागरीत ‘नमस्कार’ असे लिहून खाली दोन ओळी लिहिल्या. पडद्यावर उमटली ती प्रश्नचिन्हांची रांग. फळेकऱ्यांनी चष्मा वर-खाली करून ती पाहिली आणि शाळामास्तराच्या आवाजात म्हणाले, “दोष फळ्याचा आहे.” तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्याच रात्री त्यांनी फळ्यावर सूचना लावली. पुण्याहून आलेल्या एका शिक्षिकेने आपल्या लिपीत लिहिले, फळ्याला वाचता आले नाही, दुरुस्तीचे काम हाती घेतले आहे.

युनिकोड आल्यापासून काही फळ्यांना देवनागरी कळते. त्यांच्याकडे मात्र जुनी व्यवस्था होती, ती बदलायला भाच्याचे नि त्यांचे तीन शनिवार गेले. गणपतीच्या सुमारास भाच्याने पडद्याचे छायाचित्र पाठवले. काळ्या पाटीवर हिरवी मराठी अक्षरे, खाली तीच दोन वाक्ये. जोडाक्षरे अजून जुळत नाहीत. ‘नमस्कार’मधला स पाय मोडून उभा आहे. त्यावर काम चालू आहे, असे फळेकऱ्यांनी खाली लिहिले होते.